सूपभर कोंडा

हे लिहायला बसलो खरा, पण आधी क्षमा मागतो. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. माझ्या आधीच्या सगळ्यांनी कागदावर अंगठा तेवढा उमटवला, तोही कुणीतरी हात धरून. घरात पहिली दौत आली ती माझ्यासाठी, आणि शाई सांडेल म्हणून नव्हे, तर कुणाचा पाय लागेल म्हणून माय ती देवळीत देवाशेजारी ठेवायची. अशा घरातल्या मुलानं दोन वर्षं कॉलेजात काढली एवढ्यावरून स्वतःविषयी लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. शिवाय लिहिण्यासारखं माझं काही कर्तृत्वही नाही. एकच गोष्ट आहे, आणि तीही मी केलेली नाही, माझ्या बाबतीत झालेली आहे. मी जन्मलो त्याच दिवशी विकला गेलो. किंमत, सूपभर कोंडा.

शहरात हे सांगितलं की ऐकणारे कळवळतात. कळवळू नये. मला विकलं ते मी नकोसा होतो म्हणून नाही.

माझ्या आधी मायला तीन मुलं झाली आणि तिन्ही पाळण्यातच गेली. माझ्या वेळी सुईणीनं नाळ कापली आणि मायला सांगितलं, "ह्याला आपलं म्हणू नका. विकून टाका." आमच्याकडे ही जुनी रीत आहे. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं मूल अशा बाईनं विकत घ्यायचं जिची सगळी मुलं जगली आहेत. आणि घ्यायचं तेही अगदी कवडीमोल. जे इतकं स्वस्त आहे, ज्याला घरचेसुद्धा मोजत नाहीत, त्याच्याकडे मृत्यूही ढुंकून पाहत नाही, अशी समजूत. माय मृत्यूचं नाव कधी घेत नसे. ती नुसतं "त्यो" म्हणायची. "त्यो" आमच्या घराच्या आढ्याजवळ कुठंतरी कान देऊन बसलेला आहे, असं धरूनच ती बोलायची.

घेणारी बाई चार घरं सोडून राहत होती. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. लिंगायत घर, किराणा मालाचं दुकान, घरात बोलणं कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. आमचं गाव तेरणेकाठी, माकणीहून बैलगाडीनं तासाभरावर, आणि तिकडं बरीच घरं अशी दोन्ही भाषांतली. अक्काला तीन मुली, तिन्ही धडधाकट, पुढं तिन्ही कर्नाटकाकडे दिल्या. तिचे यजमान म्हणजे अण्णा. ते दुकान बघायचे आणि अक्का अण्णांना बघायची.

त्या दिवशी अक्का सूपभर कोंडा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. सुईणीनं मला चिंध्यांत गुंडाळून पुढं केलं आणि रीतीप्रमाणं म्हणाली, "काळंबेंद्रं पोरगं हाय, घेता का?"

अक्कानं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "अय्यो, असलं काय करायचं मला? नाक चपटं, पाय काटक्या. कोंड्याच्या मोलाचं बी न्हाय. पण आता आलेच हाय तर घेते."

हे सगळं रीतीचं बोलणं. पण माय सांगायची की अक्कानं ते इतक्या मनापासून केलं की ऐकताना तिला खरोखरीचा राग आला. "नाक चपटं म्हनायची काय गरज हुती? तेवढं तर चांगलं हुतं," असं ती मी सतरा वर्षांचा होईपर्यंत म्हणत होती.

तो कोंडा मायनं म्हशीपुढं टाकला. "तुझी किंमत म्हशीनं एका दमात खाल्ली," दादा म्हणजे माझे वडील हसत सांगायचे, "आणि दूध एक घोटबी वाढलं न्हाय." माझं घरातलं नावही त्या कोंड्यावरूनच पडलं. ते इथं लिहीत नाही, कारण कॉलेजातली मुलं वाचतील.

अक्कानं विकत घेऊन मला परत मायच्याच मांडीवर ठेवलं. सांभाळायला दिलं, असं धरायचं. दूध मायचं, घर मायचं, पण माल अक्काचा. आणि अक्का मालकी विसरणारी बाई नव्हती. दर सोमवारी मी तिच्याकडे जेवायचो, कारण मालाला मालकानं खाऊ घातलं नाही तर मालकी राहत नाही. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. पाडव्याला एक सदरा. माय मारायला धावली की मी थेट दुकानात पळायचो. माय मागून लाटणं घेऊन यायची आणि अक्का गल्ल्याजवळून न उठताच म्हणायची, "माझ्या मालाला हात लावायचा न्हाय. खराब झाला तर भरून देशील का?"

"मग माल घरी न्या आणि पोसा," माय म्हणायची.

"पोसते की. सोमवारी काय वारा खातो का त्यो?"

या दोघी असं भांडायच्या आणि भांडण संपलं की तिथंच बसून पावशेर शेंगा फोडायच्या. मला लहानपणी वाटायचं की प्रत्येक मुलाला एक माय असते आणि एक मालकीण. ज्यांना मालकीण नव्हती त्यांची मला दया यायची.

शाळेत घालण्याची गोष्टही अक्कानंच काढली. शाळा निजामी, शिकवणं उर्दूतून. घरी मराठी, सोमवारी कानडी, शाळेत उर्दू. आमच्या मास्तरांनी मला मॅट्रिकपर्यंत नेलं आणि मी पास झालो तेव्हा ते स्वतः दादांकडे येऊन म्हणाले की मुलाला सोलापूरला पाठवा, तिथं कॉलेज आहे. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. दादांनी मान हलवली. मायनंही हलवली, पण एक अट घातली. आधी सोडवून घ्यायचं.

रीत अशी की विकलेलं मूल लग्नाआधी किंवा लांब मुक्कामाला जाण्याआधी मालकिणीकडून सोडवून घ्यावं लागतं. तसंच निघून गेलं तर सौदा मोडतो. सौदा फिटलेला चालतो, मोडलेला चालत नाही, कारण मोडलेल्या सौद्याचा आवाज "त्याला" ऐकू जातो. सोडवताना किती द्यायचं हे मात्र विकताना कुणी ठरवलं नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी मी जगेन एवढंच सगळ्यांना हवं होतं, पुढचा हिशेब कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मायच्या मते त्यात ठरवण्यासारखं काहीच नव्हतं. सूपभर कोंड्यात दिलं, सूपभर कोंड्यात आणायचं.

हे इतकं सोपं झालंही असतं. पण त्याच उन्हाळ्यात गावात विम्याचा माणूस आला.

तो सोलापूरकडचा, डोक्याला काळी टोपी, अंगात कोट आणि घामानं ओला. अण्णांच्या दुकानात बसला. मी गूळ फोडत होतो. अक्का आतल्या दारात तांदूळ निवडत होती.

"समजा अण्णा," तो म्हणाला, "उद्या तुमचं काही बरंवाईट झालं—"

"तुमचं व्हईल आधी," अक्का आतून म्हणाली. "अजून बोहनी न्हाय झाली, आणि भलतं बोलायलेत."

तो माणूस सवयीचा असावा. न चिडता त्यानं समजावून सांगितलं. दरवर्षी थोडे पैसे भरायचे, आणि माणूस गेला की कंपनी घरच्यांना रक्कम देते. अक्का सूप घेऊनच बाहेर आली.

"म्हंजी जिवाची किंमत लावता?"

"मी नाही लावत बाई. कंपनी लावते."

"कंपनीनं ह्यांना बघितलंय का?"

"बघायची गरज नसते. वय, धंदा, प्रकृती यावरून निघते. अण्णांचे दोन हजार सहज होतील."

अक्कानं अण्णांकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "दोन हजार? ह्या माणसाचे? द्या आत्ताच आणि घेऊन जावा."

"तसं नाही बाई. ते गेल्यावर मिळतात."

"म्हंजी जिता असला तर फुकट?"

अण्णा टोपी काढून डोकं खाजवत बसले. विमेवाल्यालाही हसू आलं. विषय बदलावा म्हणून त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं हा कोण. मॅट्रिक झालाय, कॉलेजात चाललाय असं अण्णांनी सांगितलं. तेव्हा तो खूश होऊन म्हणाला, "मग ह्याची गोष्टच वेगळी. शिकलेला, तरणा. पुढं नोकरी लागली की ह्याचे पाच हजार कुठं गेले नाहीत."

नेमकी तेवढ्यात माय मीठ घ्यायला आली होती. तिनं "पाच हजार" ऐकलं आणि जागीच थांबली. मग पुढं येऊन पोत्यातलं मूठभर मीठ उचललं, विमेवाल्याच्या देखत माझ्यावरून तीनदा ओवाळलं, रस्त्यावर फेकलं आणि आभाळाकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "कशाचे पाच हजार? सूपभर कोंड्याचं पोरगं हे. तेबी महाग पडलं." मग त्या माणसाकडे वळून हळूच, जवळजवळ विनवणीच्या आवाजात बोलली, "साहेब, तुम्ही परमुलखातले. इथं असं मोठ्यानं बोलत न्हायती."

त्या माणसानं माफी मागितली. कशाबद्दल ते त्याला कळलं नसावं.

संध्याकाळी दादा शेतातून आले तोवर पाच हजारांची गोष्ट गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आली होती. दादांनी हातपाय धुतले, जेवायला बसले आणि घास हातात धरून मला विचारलं, "हाली का कलदार?"

आमच्या मुलखात तेव्हा निजामाचा हाली रुपया चालायचा आणि इंग्रजांचा तो कलदार. कलदार जड. मी म्हणालो, तो माणूस सोलापूरचा, म्हणजे कलदारच.

दादांनी घास परत ताटात ठेवला. "मग तर झालंच," ते म्हणाले.

माझे दादा फार सरळ माणूस. बाजारात गाय विकताना ती कुठल्या पायानं लाथ मारते हे गिऱ्हाइकानं न विचारता सांगायचे. विमेवाल्यानं लावलेली किंमत मी मेल्यावरची आहे, जिवंत माणसाची नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांच्या डोक्यात ते शिरलं नाही, किंवा शिरूनही पटलं नाही. ते म्हणाले, "मेल्यावर पाच हजार, मग जित्याचे कमी कसे असतील? आणि एवढा माल अक्कानं सतरा वर्षं जपला. आता आपण सूपभर कोंडा देऊन उचलून आणायचा? ही चोरी झाली."

"हळू बोला," माय आढ्याकडे बघत म्हणाली.

"चोरी हळू बोलल्यानं साव व्हती का?"

आणि अशा रीतीनं माझं कॉलेज अडलं. माय म्हणत होती, एक दाणा जास्त द्यायचा नाही, नाहीतर पोराची किंमत "त्याला" कळेल. दादा म्हणत होते, कमी द्यायचं नाही, नाहीतर अक्काला फसवल्यासारखं होईल. दोघांनाही मी हवा होतो, आणि दोघांचं म्हणणं मला खरं वाटत होतं. कॉलेजात नाव घालायला तीन आठवडे उरले होते.

माय आधी गेली, दादांना न सांगता. सूपात कोंडा भरून अक्कापुढं ठेवला. अक्कानं तो बघितला आणि उचलून आपल्या गाईपुढं ओतला. "गाईला आणलास, बरं केलंस," म्हणाली. "आता कामाचं बोल."

"अक्का, तेवढ्यातच दिलं हुतं तुमाला."

"तवा चपट्या नाकाचं हुतं. आता भाव वाढलाय."

"वाढलाय म्हनू नका, पाया पडते."

"म्हनत न्हाय. पन सोडत बी न्हाय."

दोन दिवसांनी दादा गेले, मायला न सांगता. जाताना जोडीतला पांढरा बैल सोडून नेला. त्याहून मोलाचं आमच्याकडे काही नव्हतं. त्यांनी बैल दुकानासमोर उभा केला आणि म्हणाले, "पाच हजार माझ्याच्यानं या जन्मी व्हायचे न्हाईत. हा ठेवून घ्या. बाकीचं मागून."

अक्का यावेळी मात्र खरोखर चिडली. "बैलावर पोरगं? म्या काय हेडी हाय का, गुरांचा बाजार मांडायला?" दादा मुकाट्यानं बैल घेऊन परत आले. घरी मायला बैल कुठं गेला होता हे विचारावं लागलं नाही, कारण अक्काचा आवाज आमच्या घरापर्यंत पोचला होता. पण "हेडी" हा शब्द दादांच्या डोक्यात राहिला. हेडी म्हणजे गुरांचा दलाल. आणि गुरांच्या बाजारात भाव कसा ठरतो हे दादांना माझ्या वर्णमालेपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

सकाळी त्यांनी मायला विचारलं, "बाजारात भाव तोंडानं बोलतात का?"

"मला काय ठावं?"

"हातानं बोलतात. घेणारा आणि देणारा, दोघांचे हात रुमालाखाली. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. पटलं न्हाय तर बोट मोडून, म्हंजी दुमडून, परत द्यायचं. शेजारी उभ्या असलेल्याला बी कळत न्हाय काय ठरलं."

मायनं भाकरी थापायचं थांबवलं. "कुणालाच कळत न्हाय?"

"कुणालाच न्हाय."

"आढ्यावर बसलेल्याला?"

"रुमालाखालचं कसं दिसंल?"

त्या दिवशी माय चुलीपुढं बसून स्वतःचीच बोटं धरून बघत होती. दादा तिला शिकवत होते आणि ती चुकली की तिचा हात झटकत होते. आईवडिलांना मी एरवी कधी एकमेकांचा हात धरताना पाहिलं नव्हतं. मला इकडं तिकडं बघावंसं वाटलं.

सोमवारी दुपारी दुकानात सौदा झाला. बायकांनी रुमालाखाली भाव केल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाइकं नसलेलीही गिऱ्हाइकं जमली. अण्णांनी आपलं उपरणं दिलं. दादा पाठ फिरवून उभे राहिले, सौदा प्रामाणिक व्हावा म्हणून. मी गुळाच्या ढेपेजवळ बसलो. आपली किंमत आपल्यापासून दोन हातांवर, कापडाखाली ठरते आहे आणि आपल्याला फक्त दोन चेहरे दिसत आहेत, हा अनुभव कसा असतो ते मला नीट लिहिता येत नाही.

उपरणं हललं. मायच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा हललं. अक्काचे ओठ घट्ट मिटलेले, बाजारात मुरलेल्या माणसासारखे. तिसऱ्यांदा हललं तेव्हा मायनं अक्काकडे मान वर करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. उपरणं आता स्थिर होतं, पण हात सुटले नव्हते. मग माय एकदम हसली. हसू आवरेना म्हणून तिनं दुसऱ्या हातानं पदर तोंडावर धरला.

"ठरलं," ती म्हणाली.

"ठरलं," अक्का म्हणाली.

"किती?" दादा पाठमोरेच विचारते झाले.

"ते आमच्या दोघींत. तुमीच न्हाय का म्हनला, कुणालाच कळत न्हाय म्हनून?"

अण्णांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. गर्दीतला एकजण म्हणाला, बैल असता तर दात तरी बघता आले असते. अक्कानं त्याला मागची उधारी विचारली आणि तो निघून गेला.

आठ दिवसांनी मी निघालो, पोचवायला दादा बरोबर. नळदुर्गपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार. अक्कानं कडक भाकऱ्यांचं असं गाठोडं बांधून दिलं की ट्रंकेपेक्षा तेच मोठं. "ह्या महिनाभर टिकत्यात," ती म्हणाली. "संपायच्या आत दुसऱ्या धाडते. तिथलं पातळ पोळीचं खाणं खाऊन माझं नाव बुडवू नको. बा तम्मा." कानडीत बा म्हणजे ये आणि तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, पण ती मला लहानपणापासून तसंच बोलवायची. सोडवून घेतलेल्या मुलाला ती अजून का पोसते आहे, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. खाण्याच्या बाबतीत मी प्रश्न विचारणारा नव्हतो.

सरहद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर मोटार थांबली. राज्याबाहेर जाणाऱ्या मालावर तिथं जकात. पहारेकऱ्यानं माझ्या गाठोड्याकडे बोट दाखवून दादांना विचारलं, "क्या माल है?" दादांच्या मनात महिनाभर एकच विषय. ते उभे राहून अदबीनं म्हणाले, "आता आमचाच हाय साहेब. सोडवून आनलाय." पहारेकऱ्यानं गाठोडं हुंगलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि मोटार सोडली.

सोलापूरला मी अडखळत शिकू लागलो. पहिल्या वर्षी बरंचसं कळायचं नाही आणि विचारायची भीती वाटायची. एकदाच विचारलं. अर्थशास्त्राच्या तासाला सर फळ्यावर गणित मांडत होते. गिरणीत यंत्रात सापडून कामगार मेला, तर त्याच्या घरच्यांना किती द्यावं? वर्षाची मजुरी, गुणिले राहिलेली वर्षं. आकडा निघाला. मी उभा राहिलो आणि विचारलं, "सर, ज्या म्हाताऱ्या बाईला मजुरी नाही, तिचं शून्य येतं का?"

सरांनी खडू खाली ठेवला. "गणितानं शून्य येतं," ते म्हणाले. "तुम्हाला काय यायला हवं असं वाटतं?"

मी कोंड्याची गोष्ट सांगून बसलो. वर्ग मनसोक्त हसला. त्या दिवसापासून वसतिगृहात माझं नाव काय पडलं असेल हे वाचणाऱ्यानं ओळखावं. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "त्या कामगाराच्या बायकोला आकडा लागेलच, त्याशिवाय मालक काही देणार नाही. पण तुमच्या आईनं आकड्याचा उपयोग उलटा केला. ते आमच्या पुस्तकात नाही."

मी त्यावर पुष्कळ विचार केला. विमेवाल्याचं मला वाईट वाटत नाही. त्याच्या पैशांवर कुठल्यातरी विधवेची चूल पेटत असेल. दादांचा बैलही मला हास्यास्पद वाटत नाही. दुसऱ्याच्या कष्टाचं मोल द्यावं हे त्यांना कळत होतं, ते कुठं थांबवावं एवढंच कळत नव्हतं. मायला मोल नकोच होतं. या सगळ्यांत चूक कोण, हे मला आजही सांगता येणार नाही. कापडाखाली काय ठरलं हे कळलं तर उत्तर सापडेल, असं मात्र तेव्हा वाटायचं. सुट्टीत घरी गेलो की मी मायला विचारायचो. ती म्हणायची, "अभ्यास कर."

दुसऱ्या वर्षी दिवस बिघडले. इंग्रज गेले होते, निजामी अजून होती, आणि सरहद्दीवर गडबड सुरू झाली. मोटारी बंद झाल्या. टपाल थांबलं. तिकडून पळून आलेली माणसं सोलापुरात उतरत होती आणि जी गावं ती सांगायची, त्यांत आमच्या गावाचं नाव येतं का हे मी ऐकत उभा राहायचो. आलं नाही. पण न येणं म्हणजे काय, हेही कळत नव्हतं. अक्काच्या भाकऱ्या यायच्या थांबल्या. शेवटच्या गाठोड्यातली एक भाकरी मी ट्रंकेत राखून ठेवली. ती संपवायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. तिचे कोपरे झडत गेले, पण मी ती संपवली नाही.

मग एके दिवशी निजामी संपली. सोलापुरात मिरवणुका निघाल्या, वसतिगृहात मुलांनी गुलाल उधळला. मीही उधळला. पण पत्र आलं नाही. रोज मी टपालवाल्याच्या वाटेवर उभा. तो मला लांबूनच हातानं नाही म्हणायचा, आणि पुढं पुढं नाही म्हणायलाही ओशाळायचा.

ते आलं एका सकाळी. तो फाटकातूनच ओरडला. पाकीट मळलेलं, दोनदा ओलं होऊन वाळलेलं. आत अण्णांचं मोडी अक्षर, जे मला सावकाश, एकेक ओळीवर बोट ठेवून वाचावं लागतं.

चिरंजीवास आशीर्वाद. सगळी माणसं जिवंत आहेत. दीड महिना आम्ही सगळे, तुझी माय, दादा, दोन्ही बैल आणि म्हैस, अक्काच्या थोरल्या मुलीकडे जाऊन राहिलो होतो. आता परत आलो. घराचं दार गेलं आहे, दुकानाचा माल गेला आहे, बाकी ठीक.

पुढं दादांनी सांगितलेलं अण्णांनी जसंच्या तसं लिहिलं होतं. "तिकडं असताना तुझी माय तुझ्यासाठी एकदाबी रडली न्हाय. मला राग आला. म्हनलं, पोरगं परमुलखात एकटं, तुला काहीच कसं वाटत न्हाय? तर म्हनती, आपलं कुठं हाय ते? अक्काचं हाय. अक्काचं कोणतं लेकरू कधी गेलंय? मग मी खोदून विचारलं तवा बोलली. उपरण्याखाली हिनं एक बोट दिलं, ते अक्कानं मोडून परत दिलं. दोन दिली, तीबी मोडली. पंजा दिला, तर अक्कानं सगळी बोटं मिटून मूठ केली आणि हात सोडलाच न्हाय. सौदा झालाच न्हाय. मालकिणीनं आपला माल आपल्या खुशीनं सोलापूरला धाडला, एवढंच झालं. मग सौदा मोडायचा प्रश्नच न्हाय. मी नाक्यावर सरकारी मानसाशी खोटं बोललो, त्याचं काय करावं ते कळव."

आणि सगळ्यात खाली, अण्णांनी जरा ठळक लिहिलेलं, अक्काच्या तोंडचं: "भाकऱ्या भाजायला घेतल्या आहेत. दिवाळीला माल घरी यावा. वाळलेला दिसला तर कॉलेजकडून भरून घेईन."